तलावाच्या पाळीवर माणसे आणताना व्हॉट्सॲप किती कामी येते : दोन उन्हाळ्यांनंतरचा अभिप्राय

गोंदिया जिल्ह्यातील आमच्या गावाच्या मामा तलावातून बेशरम नावाची झुडपे उपटून काढायची आणि त्यासाठी स्वयंसेवक जमवायचे, या एकाच कामाकरिता आम्ही दोन उन्हाळे व्हॉट्सॲप आणि जोडीला आणखी एकदोन समाजमाध्यमे वापरून पाहिली. आमची संस्था लहान आहे. पगारी माणूस एकही नाही, ग्रामपंचायतीशेजारची एक खोली हेच कार्यालय, आणि फोन सांभाळण्याचे काम माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकाकडे आलेले आहे. मोठ्या शहरांतील संस्थांकडे जाहिरातीसाठी वेगळी माणसे असतात आणि त्यांचा अनुभव निराळा असू शकतो. हा अभिप्राय मात्र ज्यांच्याकडे एक फोन, दहा टिकास (टिकाव) आणि एक तलाव आहे अशांसाठी लिहिला आहे.

ज्यांना आमचा भाग परिचित नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, पूर्वी मालगुजारांच्या, म्हणजे शेतसारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या, ताब्यात असलेले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे 6 हजारांहून अधिक तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजातील जाणकारांनी ते बांधले आणि 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपेपर्यंत त्यांची देखभाल गावातच होत असे. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि गाळ कोणी काढायचा, पाळ (तलावाचा बांध) कोणी दुरुस्त करायची, हा प्रश्न तेव्हापासून लोंबकळत राहिला. मधल्या काळात काठाकाठाने बेशरम शिरली. ही झुडपे विषारी असल्याने गुरे त्यांना तोंड लावत नाहीत, आणि मोडलेल्या फांदीचा वीतभर तुकडा ओल्या गाळात पडला तरी त्याला मुळे फुटतात. त्यामुळे बेशरम विळ्याने कापून भागत नाही. ती मुळासकट उपटावी लागते, पाळीबाहेर ओढून उन्हात वाळवावी लागते, आणि एवढे करताना तिचा पांढरा चीक हातांवर येतो तो वेगळाच. सांगण्याचा मुद्दा हा की हे काम छायाचित्र काढून होणारे नाही. त्याला माणसे लागतात आणि तीच माणसे पुन्हा पुन्हा लागतात.

पहिल्या वर्षी आम्ही जे केले ते बहुतेक संस्था करतात. हिरव्या पानांची नक्षी असलेले एक चित्र तयार केले, त्यावर निसर्ग वाचवण्याचे आवाहन लिहिले, आणि ‘सर्वांनी पुढे पाठवावे’ अशी विनंती जोडून गावातील, तालुक्यातील आणि नातेवाइकांच्या सगळ्या गटांत ते टाकले. उत्तरादाखल जोडलेले हात, अंगठे आणि फुले इतकी आली की आम्ही चाळीस माणसांच्या चहाचे सामान आणून ठेवले. ठरलेल्या सकाळी पाळीवर अकरा जण होते, त्यांपैकी सहा आमच्याच संस्थेचे. दुसऱ्या दिवशी राशनच्या दुकानासमोर भेटलेल्या एका तरुण शेतकऱ्याने सरळ सांगितले, ‘‘गुरुजी, मी येणार होतो जी, पण पऱ्हे टाकाचे होते. तुम्ही तारीखच अशी धरली.’’ त्याचे म्हणणे शंभर टक्के खरे होते. मृगाचा पाऊस नुकताच पडून गेला होता आणि धानाच्या पट्ट्यात पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांसाठी बी टाकण्याच्या, त्या आठवड्यात कोणाला बोलावणे म्हणजे त्याला नकार द्यायला लावणे होते.

या एका वाक्याने आम्हाला जितके शिकवले तितके कोणत्याही प्रशिक्षणाने शिकवले नसते. आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये पहाट मोहफुले वेचण्यात जाते, मे महिन्यात तेंदूपत्त्याचे दिवस येतात, पावसाळा लागला की पऱ्हे आणि मग रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी, नंतर चुरणी (मळणी), आणि त्यातच गावोगावच्या मंडया (जत्रा). पर्यावरण दिन 5 जूनला येतो म्हणून काम 5 जूनला ठेवण्याची सवय शहरातून आलेली आहे. दुसऱ्या वर्षी आम्ही तेंदूपत्त्याचे फड उठल्यानंतरचे आणि पाऊस येण्यापूर्वीचे मोजके रविवार धरले. हे दिवस नवतप्याचे असतात आणि विदर्भातील ऊन कसे असते ते सांगायला नको. पण तलावाचे पाणी तेव्हाच सर्वांत खाली गेलेले असते आणि मुळे हाताला लागतात. म्हणून कामाची वेळ पहाटेची ठेवली.

मग संदेश बदलला. चित्र काढून टाकले, आवाहन काढून टाकले आणि साध्या अक्षरांत पुढील मजकूर पाठवला : ‘‘रविवारी पहाटे 5:30 ला शाळेमागच्या पाळीवर जमायचे आहे. काम 8:30 ला बंद होईल. बेशरम मुळासकट उपटून पाळीबाहेर ओढायची आहे. पूर्ण बाह्यांचा सदरा, जुने जोडे, दुपट्टा आणि पाण्याची बाटली आणावी. टिकास, सब्बल आणि हातमोजे आमच्याकडे आहेत. काम झाल्यावर पोहे-तर्री आणि चहा. येणाऱ्याने आपले नाव लिहून पुढे ‘येतो’ किंवा ‘येते’ एवढेच लिहावे. 30 नावे झाली की यादी बंद.’’ हा मजकूर कोरडा वाटेल, परंतु वाचणाऱ्याच्या मनात जे प्रश्न येतात त्या सगळ्यांची उत्तरे त्यात आहेत : किती वेळ जाणार, कपडे खराब होतील का, अवजार आणावे लागेल का, उपाशी राहावे लागेल का. काम कधी संपणार हे सांगितलेले असले की घरी सांगून निघणे सोपे जाते, विशेषतः ज्या घरात सकाळी गोठा असतो तिथे.

तीसची मर्यादा का, असे अनेकांनी विचारले. आमच्याकडे हातमोज्यांचे तीसच जोड होते हे एक कारण, पण त्याहून महत्त्वाचे कारण पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या रविवारी कळले होते. त्या दिवशी महाविद्यालयाची मुले बरीच आली आणि अवजारे अपुरी पडल्याने निम्मी मुले पाळीवर उभी राहून फोन पाहत राहिली. ती मुले परत आली नाहीत. ज्याला काम मिळाले नाही त्याला आपली गरज नाही असे वाटते, आणि ते योग्यच आहे.

आता व्हॉट्सॲपच्या सोयींकडे वळतो. एका गटात 1024 सदस्य बसतात, हे ऐकून अनेक गटप्रमुख जमेल तितकी नावे भरत सुटतात. आमचे मत याच्या उलट झाले आहे. मोठा गट हा बाजार होतो आणि शुभेच्छा, लग्नपत्रिका व राजकारण यांच्या गर्दीत रविवारची सूचना वर निघून जाते. त्यापेक्षा 2022 च्या नोव्हेंबरमध्ये आलेली कम्युनिटीची रचना आम्हाला जास्त मानवली. तीत सगळ्यांसाठी एक सूचनांचा गट राहतो, जिथे फक्त प्रमुखच लिहू शकतात, आणि त्याच्या खाली तलावाचा, पक्ष्यांचा, शाळेचा असे लहान गट ठेवता येतात. ज्याला तलावात उतरायचे नाही पण रोपवाटिकेत मदत करायची आहे अशा माणसाला आपली जागा सापडते. त्याच सुमारास आलेली मतदानाची सोय तारीख ठरवण्यासाठी उत्तम आहे. एका प्रश्नाला 12 पर्यंत पर्याय देता येतात. मात्र ‘येणार का’ हे विचारण्यासाठी तिचा उपयोग करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. बोटाने एक खूण करणे फार हलके असते. स्वतःचे नाव लिहून ‘येतो’ म्हणणे हा चार गावकऱ्यांसमोर दिलेला शब्द असतो आणि आमच्या भागात दिलेल्या शब्दाला अजून वजन आहे.

‘सर्वांनी पुढे पाठवावे’ या विनंतीबद्दलही लिहिले पाहिजे. अफवांना आळा घालण्यासाठी भारतात 2018 पासून एक संदेश एका वेळी 5 संभाषणांपुरताच पुढे पाठवता येतो, आणि जो संदेश अनेकदा पुढे गेलेला आहे त्यासाठी 2020 पासून ही मर्यादा एकावर आणलेली आहे. काही कार्यकर्ते याची तक्रार करतात. मला ही मर्यादा हिताची वाटते, कारण तिच्यामुळे आम्ही दुसरा मार्ग शोधला. आलेल्या प्रत्येकाने आपल्या ओळखीच्या तिघांना स्वतःच्या आवाजात बोलावणे पाठवावे, असे ठरले. ‘‘वहिनी, मी जात आहे, तुम्हीही या, सोबत जाऊ,’’ असा पंधरा सेकंदांचा आवाज जे काम करतो ते छापील चित्र करू शकत नाही. ज्यांना वाचण्याची सवय नाही अशा वयस्क माणसांपर्यंत पोचायलाही आवाजच उपयोगी पडला. लिखित मराठीपेक्षा झाडीबोलीतला ओळखीचा सूर त्यांना आपला वाटतो.

स्त्रियांच्या बाबतीत तर फोनची मर्यादा फार लवकर लक्षात येते. आमच्या गावात बऱ्याच घरांत चांगला फोन एकच असतो आणि तो पुरुषाच्या खिशात शेतावर गेलेला असतो. बचत गटाच्या मासिक बैठकीत जाऊन पाच मिनिटे बोलल्यावर जितक्या महिला आल्या तितक्या वर्षभराच्या संदेशांनी आल्या नव्हत्या. त्यांच्या गटाच्या अध्यक्ष ताईंनी आपल्या गटात नंतर एकच संदेश टाकला, आणि तो संदेश लागू पडला, कारण त्याआधी डोळ्यांसमोर बोलणे झालेले होते. धिवर समाजातील मासेमार मंडळींचेही तसेच. तलावातील कोणत्या भागात कोणती पाणवनस्पती माशांना लागते आणि काय उपटू नये, हे ज्यांना ठाऊक आहे ती माणसे आमच्या गटात नव्हतीच. त्यांच्या घरी जावे लागले. बेशरम काढण्याच्या उत्साहात कमळे आणि काठची देशी गवते उपटली गेली असती तर आम्ही तलावाचे नुकसानच केले असते.

महाविद्यालयीन मुलांसाठी चित्र वेगळे आहे. ती रील पाहतात आणि रील पाहून विचारणा करतात. तालुक्याच्या महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना दोन वर्षांत 240 तासांची सेवा आणि 7 दिवसांचे विशेष शिबिर करायचे असते. त्यांच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांशी आधी बोलून, हजेरीपत्रक ठेवून, केलेल्या तासांचे पत्र वेळेवर दिले की ही मुले मनापासून काम करतात. त्यांनीच काढलेल्या एका रीलमध्ये बेशरमीचे मूळ गाळातून सुटताना येणारा ‘चळक्’ असा आवाज होता, दोन मुली मागे बसून ते ओढत होत्या आणि मूळ सुटताच दोघी गाळात बसल्या. पुढील रविवारी आलेल्या तीन नव्या मुलांनी ते मूळ आपल्यालाही उपटायचे आहे असे सांगितले. प्रत्यक्ष कामाचे दृश्य हेच सर्वांत चांगले आमंत्रण ठरते. सत्कार, फलक आणि पाहुण्यांच्या भाषणांच्या चित्रफितींनी एकही माणूस आलेला नाही. अठरा वर्षांखालील मुलांना मात्र पालकांशी बोलल्याशिवाय कोणत्याही गटात घेऊ नये. 2023 च्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यातही बालकांची माहिती घेताना पालकांची संमती आवश्यक मानलेली आहे. सामान्य गटात प्रत्येकाचा क्रमांक इतर सर्वांना दिसतो हेही मुलींना घेताना ध्यानात ठेवावे. ज्यांना फक्त बातम्या हव्या आहेत त्यांच्यासाठी चॅनेल बरे, कारण तिथे अनुयायांचे क्रमांक प्रमुखालाही दिसत नाहीत.

पैसे देऊन जाहिरात करण्याचा प्रयोग आम्ही एकदा केला आणि तो पुन्हा करणार नाही. एका मोठ्या समाजमाध्यमावर आम्ही जिल्ह्याचे नाव भरून रक्कम दिली. विचारणा आली ती नागपूर, रायपूर आणि जबलपूरहून. माणसे चांगली होती, पण पहाटे साडेपाचला आमच्या पाळीवर ती येणार कशी? तक्रार लिहिली, तिचे उत्तर यंत्राकडून आले आणि रक्कम गेली ती गेलीच. तेवढ्या पैशांत आम्हाला गटात येण्याचा क्यूआर कोड असलेली छापील पत्रके दूध संकलन केंद्रावर, राशन दुकानात आणि बसथांब्यावर लावता आली असती. नंतर ती लावली, आणि तिथून आलेली माणसे चालत येण्याच्या अंतरावरची होती.

बाहेरून माणसे बोलावणे सर्वस्वी व्यर्थ आहे, असे मी म्हणत नाही. पानी फाउंडेशनच्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत 2018 च्या महाराष्ट्र दिनी शहरांतील लोकांनी जलमित्र म्हणून आधी ऑनलाइन नोंदणी करून गावोगावी श्रमदान केले होते, आणि त्या स्पर्धेची सुरुवात 2016 मध्ये ज्या तीन तालुक्यांत झाली त्यांपैकी एक आमच्या विदर्भातील वरुड होता. 2017 मध्ये पहिले बक्षीस वर्धा जिल्ह्यातील काकडदरा या लहानशा गावाने मिळवले. पण तिथे पाहुणे येण्यापूर्वी गावातील माणसे प्रशिक्षण घेऊन आलेली होती, चर आखून ठेवलेले होते, घमेली मोजलेली होती. चंद्रपूरच्या किल्ल्याची साफसफाई 2017 मध्ये इको-प्रो संस्थेने हाती घेतली तेव्हाही रोज सकाळी हजर राहणारी स्थानिक मुले हाच त्या कामाचा कणा होता. फोनवरून आलेल्या माणसाला गावातील माणसाने हाताला धरून काम दाखवायचे असते. ते दाखवणारे कोणी नसेल तर आलेला माणूस पर्यटक होतो.

एक चूक मी मोकळेपणाने नोंदवतो, कारण ती इतरांनी करू नये. महाराष्ट्रात सारस आता जवळजवळ गोंदिया आणि लगतच्या भागापुरताच उरला आहे. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठालाही त्याच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घ्यावी लागली, इतकी त्याची संख्या कमी झाली आहे. हा पक्षी पावसाळ्यात धानाच्या बांधीत घरटे करतो, साधारण दोन अंडी घालतो आणि महिनाभर नर-मादी ती आळीपाळीने उबवतात. आमच्या एका स्वयंसेवकाने घरट्याचे छायाचित्र मोठ्या आनंदाने गटात टाकले. त्यात मागे मंदिराचा कळस आणि पाण्याची टाकी दिसत होती, म्हणजे गाव ओळखणे कोणालाही शक्य होते. कोणीतरी ते पुढे दुसऱ्या माध्यमावर नेले. दोन दिवसांत कॅमेरे घेऊन मोटारसायकली धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) आल्या, आणि ज्या शेतकऱ्याने घरट्याभोवतीचा धान आपणहून सोडून दिला होता त्याचीच रोवणी तुडवली गेली. त्या दादांनी आम्हाला एक शब्दही वाईट बोलला नाही. ‘‘पाखराचं काही नाही जी, माणसांना आवरा,’’ एवढेच ते म्हणाले. तेव्हापासून आमच्या पक्षीगटात घरट्याचे छायाचित्र, गावाचे नाव आणि नकाशावरील खूण यांना पूर्ण बंदी आहे. अंडी उबून पिल्ले उडेपर्यंत घरट्याची माहिती फक्त शेतकरी, वनविभाग आणि घरट्यावर नजर ठेवणारे दोन स्वयंसेवक यांच्यातच राहते, आणि ती फोनवर लिहिली जात नाही. नव्या स्वयंसेवकांना जमवण्यासाठी सारसाचे छायाचित्र हे सर्वांत मोहात पाडणारे साधन आहे हे मला कळते, तरीही ते वापरू नये असे माझे ठाम मत आहे.

पावसाळ्यापूर्वीच्या सारसगणनेत मात्र फोन फार कामाचा ठरतो. पहाटे एकाच वेळी वेगवेगळ्या ठिकाणी तुकड्या बसवायच्या असतात. अशा वेळी आपले चालते ठिकाण 1 तास किंवा 8 तासांसाठी इतरांना दाखवण्याची सोय सुरक्षिततेच्या दृष्टीने मोलाची आहे, जिथे नेटवर्क मिळते तिथे.

गुण द्यायचेच झाले तर अनोळखी माणूस पहिल्यांदा पाळीवर आणण्यासाठी मी व्हॉट्सॲपला पाचपैकी दोन देईन आणि एकदा येऊन गेलेल्या माणसाला धरून ठेवण्यासाठी साडेचार. काम संपल्यावर त्याच दुपारी आम्ही किती मीटर काठ मोकळा झाला ते लिहितो, पाळीवरून ठरावीक जागेवरून घेतलेले एक छायाचित्र टाकतो आणि आलेल्या प्रत्येकाचे नाव घेऊन आभार मानतो. नाव चुकू नये म्हणून हजेरीची वही जवळ ठेवूनच हा संदेश लिहावा. एकदा एका आजीबाईंचे नाव राहून गेले तेव्हा त्यांच्या नातवाने रात्री फोन केला होता, आणि त्या किती वेळ वाट पाहत होत्या हे ऐकून मला फार वाईट वाटले. आमच्या वहीत आता एक रकाना वेगळा आखला आहे : दुसऱ्यांदा आले का? गटातील सदस्यसंख्या आम्ही कुठेही लिहून ठेवत नाही, हा रकाना मात्र दर रविवारी भरला जातो आणि या उन्हाळ्यात त्यात सतरा नावे झाली.

यंदाचे काम तलावाच्या पूर्वेकडच्या काठावर आहे. त्या बाजूला जो टोला (वस्ती) आहे तिथे फोनला नेटवर्क नसते, आणि बेशरम सर्वांत दाट तिथेच आहे. त्यामुळे शनिवारी दिवेलागणीच्या आधी सायकलने तिकडे जायचे, सामुदायिक प्रार्थनेला बसायचे आणि प्रार्थना झाल्यावर रविवारचे सांगायचे, असे ठरले आहे. मागच्या वेळी तिथून नऊ जण आले, आणि त्यांनी टिकास स्वतःचे आणले होते.